माझ्या वजनातलं पाच किलो लोखंड

दोन हजार तेवीस साल. तेव्हा माझं वय एकाहत्तर. शाळा तिसरीपर्यंत, त्यातही मन लागलं नाही. पाटोद्याच्या बाजारात जन्मभर मापाडी होतो. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर घालून वजन बोलणारा. तूर, उडीद, ज्वारी, जे येईल ते. मी बोललो तो आकडा आडत्या मानायचा आणि शेतकरीही मानायचा. हे मोठेपणा म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडं मोठेपणा म्हणूनच लिहितो, पण पुढं जे झालं ते समजायला एवढं ठाऊक पाहिजे.

आमच्या भागातल्या ज्या कुणाला हा रोग झाला आणि केमो लागली, त्याच्यासाठी हे लिहितोय. डॉक्टरकी मला कळत नाही. माझं झालं तेवढं सांगतो. एका जागी बसून लिहायची सवय नाही. दहा ओळी झाल्या की उठतो, अंगणात चक्कर मारतो, परत येतो. कुठं तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

मूळव्याध नव्हती

संडासवाटे रक्त पडत होतं. किती दिवस ते विचारू नका, मी कुणाला सांगितलंच नव्हतं. मूळव्याध धरून चाललो होतो. मालकीण जाऊन चार वर्षं झालेली. ती असती तर धोतर धुताना तिच्या ध्यानात आलं असतं. सुनेला कसं सांगायचं? धोतर मीच धुवायला लागलो. सून, मनीषा, म्हणली, "आबा, मी काय मेले का? आणा इकडं." मी म्हणलं, "ऱ्हाऊ दे. हातापायाला काम पायजे."

एक दिवस बाजारातून येताना रस्त्यातच बसलो. उठता येईना. पोरगा भागवत मोटार वाइंडिंगचं दुकान टाकून पळत आला आणि मला उचलून गाडीत घातलं. दवाखाना घरापासून दीड-दोन तासाच्या वाटेवर. नाव लिहीत नाही, दवाखान्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुर्बिणीचा तपास झाला. दोन-चार दिवसांनी बोलावलं. डॉक्टरीणबाई तरुण, भागवतपेक्षाही लहान. त्यांनी भागवतला बाहेर नेलं. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. बोलता बोलता त्याचा हात डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला. मला कळायचं ते कळलं. मी उठलो, दार लोटलं आणि म्हणलं, "बाई, माल माझा हाय. आकडा मला सांगा."

त्यांनी सांगितलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आधी ऑपरेशन, मग केमो. भागवत म्हणला, "आबा, बसा ना खाली." मी म्हणलं, "कावून बसू? उभ्यानं ऐकता येत न्हाई का?" पण बाकड्याला हात धरून उभा होतो, हेही खरं.

कातडीचा पसारा

ऑपरेशनचं लिहीत नाही. त्यात मी झोपलेलो होतो, माझं कर्तृत्व काही नाही.

केमोच्या पहिल्या दिवशी आशा सिस्टरनं मला काट्यावर उभं केलं. जाड अंगाची, हसतमुख बाई. मी आधी काटा बघितला. म्हणलं, "मी चढायच्या आधी शून्य हाय का?" ती म्हणली, "शून्यच आहे बाबा, चढा." चढलो. अठ्ठावन्न. ठीक. मग भिंतीच्या पट्टीला उभं केलं.

"पाच फूट पाच," ती म्हणली.

"पाच फूट आठ."

"बाबा, पट्टीवर पाच दिसतंय."

"मग पट्टी वाकडी हाय."

"पट्टी भिंतीला ठोकलेली आहे. पाठ सरळ करा बरं."

"सरळच हाय!"

भागवत तोंड फिरवून हसत होता. जन्मभर पोत्यांवर वाकलेली पाठ, ती कुठवर सरळ होणार. शेवटी पाच फूट पाच लिहिलं गेलं. मी विचारलं, हे सगळं कशाला? मला कपडे शिवायचे का? मग तिनं सांगितलं की, उंची आणि वजन यावरून अंगाच्या कातडीचा सगळा पसारा किती ते काढतात, आणि त्या पसाऱ्यावरून औषध किती द्यायचं ते ठरतं. ताप-खोकल्याच्या गोळीसारखं सगळ्यांना एकच माप नसतं. शिवाय दर बारीला आधी रक्त तपासतात, पांढऱ्या पेशी किती, मूत्रपिंड काम करतंय का, आणि मगच औषध कालवायला सांगतात.

औषध आलं तेव्हा दोघी सिस्टर आल्या. एकीनं बाटलीवरचं वाचलं, दुसरीनं कागदावरचं. मला माझं नाव विचारलं. नाव ठाऊक असून विचारलं. हे मला पटलं. आमच्याकडंही एकट्यानं वजन करायचं नसतं, एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. थेंब पडायला लागले तेव्हा माझ्या तोंडून "लाभ" असं गेलं. बाजारात पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. सिस्टरनं विचारलं, काय म्हणालात? मी म्हणलं, काही नाही, चालू द्या.

सलाईन दोन तास. शिवाय घरी पंधरवडाभर सकाळ-संध्याकाळ गोळ्या, मग आठवडाभर सुटी, मग परत दवाखाना.

माठाचं पाणी

नवीन माणसासाठी एक गोष्ट लिहून ठेवतो. मला जे औषध होतं त्यात गार काही चालत नाही. सांगितलं होतं, मी मनावर घेतलं नाही. घरी आलो आणि माठातलं पाणी प्यालो. घशात बाभळीचा काटा अडकल्यासारखं झालं, श्वास लागेना. पितळी तांब्याला हात लावला तर बोटांत मुंग्यांचं वारूळ फुटलं. तेव्हापासून कोमट पाणी. कोमट पाण्यानं तहान जात नाही, नुसतं पोट भरतं.

उलटीसाठी जे इंजेक्शन देतात त्यानं दोन दिवस अंगात चाक फिरतं. बसवत नाही, पडवत नाही. मी दारातून रस्त्यापर्यंत जायचो, परत यायचो, गोठ्यात जायचो, काही काम नसताना दावं सोडून परत बांधायचो. मनीषा म्हणायची, "आबा, जनावराला तरी बसू द्या." आणि ते चाक थांबलं की असा पडायचो की माशी हाकायलाही हात उचलायचा नाही.

आणि अन्न. फोडणीचा वास आला की पोट ढवळायचं. भाकरी तोंडात घातली तर गंज चढलेला पत्रा चाटल्यासारखी. मनीषा दिवसातून चार वेळा काहीतरी करून आणायची. पेज, खिचडी, वरणातली चपाती. पुढ्यात ठेवून जायची, कारण ती समोर असली की मी खायचो नाही. ताटली रिकामी मिळायची. रिकामी कशी व्हायची ते दारातल्या कुत्र्याला ठाऊक.

धर्मापुरीचे वैजनाथराव

पहिल्या दिवशी शेजारच्या खुर्चीत वैजनाथराव होते. धर्मापुरीचे, माझ्याच वयाचे. बोलका माणूस. गावच्या देवळाच्या दगडांबद्दल असं सांगायचे की जणू यांनीच घडवलेत. दुसऱ्या बारीला त्यांचा चेहरा पडलेला. म्हणाले, "मापाडी, माझा डोस कमी केला." कावून म्हणून विचारलं तर म्हणाले, "अंगात राह्यलंय काय? वजन उतरलं." पुढं मधे रक्त तपासायला गेलो तेव्हा सिस्टरकडून कळलं की त्यांचा डोस बंदच केला. त्या दिवशी त्यांच्या खुर्चीत दुसराच माणूस बसलेला.

माझ्या डोक्यात हिशोब बसला. आधी कमी, मग बंद, मग खुर्ची मोकळी.

त्यात दुसऱ्या बारीला माझं वजन छप्पन्न भरलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बाबा, अजून उतरलं तर डोस नव्यानं काढावा लागेल." त्यांनी सहज म्हणलं असेल. मला ते कानात बसलं. तिसऱ्या बारीच्या आदल्या आठवड्यात धोतराची गाठ दोनदा सुटली. घरी माझा जुना काटा नाही, पण पन्नास वर्षं पोतं नजरेनं तोलणाऱ्या माणसाला स्वतःचं अंग तोलता येतं. बावन्नच्या वर नव्हतो.

माळ्यावर माझी लोखंडी वजनं होती. बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा घरी आणून ठेवलेली. दोन किलोची दोन आणि एक किलोचं एक काढलं. उपरण्यात गुंडाळून कंबरेला आवळून बांधलं, वर सदरा, त्यावर जाकीट. गाडीतून उतरताना भागवत म्हणला, "आबा, असं काय चालताव?" म्हणलं, "टाके वढतेत."

काट्यावर चढलो. सत्तावन्न.

"अरे वा!" आशा सिस्टर मोठ्यानं म्हणली. "बाबांनी एक किलो कमावलं की! सूनबाई, तुमच्या हाताला यश आहे बरं का."

मनीषा लाजून हसली. मी काट्यावरून उतरलो. उंचीच्या पट्टीला पाठ लावली तेव्हा लोखंड मणक्यात रुतत होतं. रक्ताचा रिपोर्ट कमी-जास्त होता पण चालण्यासारखा होता. सत्तावन्न किलोच्या माणसाचं औषध माझ्या अंगात गेलं. वजनं मी संडासात जाऊन सोडली आणि डब्याच्या पिशवीत तळाला घातली. भागवतनं पिशवी उचलली आणि म्हणला, "ह्यात काय धोंडे भरलेत?" मी म्हणलं, "पाण्याच्या बाटल्या हायत. गप धर बे."

त्या दिवशी मला लई बरं वाटलं. जिंकल्यासारखं.

ताप

दहा-बारा दिवसांनी तोंड आलं. जीभ, हिरड्या, घसा, सगळं सोलून निघालं. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. तळहाताची सालं निघाली. जुलाब थांबेनात. आणि एका दुपारी थंडी वाजून ताप आला. भागवतला दवाखान्यातून आधीच सांगून ठेवलेलं होतं की ताप आला तर वाट बघायची नाही, थेट आणायचं. हे तुम्हीही ध्यानात ठेवा. त्यानं आणलं म्हणून मी आज लिहितोय.

पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या होत्या. वेगळ्या खोलीत ठेवलं. आत येणाऱ्याच्या तोंडाला फडकं. दोघांनी धरून मला काट्यावर उभं केलं. अंगात दवाखान्याचा झगा, दुसरं काही नाही.

एक्कावन्न.

डॉक्टरीणबाईंनी मागचा कागद काढला, परत काट्याकडं बघितलं. काटा बदलून आणायला सांगितला. एक्कावन्नच. मग त्या मनीषाकडं वळल्या. "घरी जेवण कोण करतं?"

"मी, मॅडम."

"दहा-बारा दिवसांत सहा किलो? असं होतं का कधी? यांना खायला मिळतंय का? म्हाताऱ्या माणसाकडं लक्ष नको द्यायला?"

मनीषा म्हणली, "मॅडम, चार चार बारी करून देती. ताटली मोकळी मिळती."

मी डोळे मिटून पडलो होतो. जागा होतो. बोललो नाही.

ती गोष्ट मला खाटेवर स्वस्थ पडू देईना. ह्या कुशीवर, त्या कुशीवर. सलाईनची नळी वळायची, यंत्र किणकिण वाजायचं, सिस्टर येऊन सरळ करून जायची. "बाबा, हात हलवू नका." हात नव्हताच हलत, आतलं हलत होतं. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर भागवतचा आवाज ऐकू आला. दबक्या आवाजात, पण रागानं. "तू खरं सांग, देतीस का न्हाई त्यास्नी? का नुसतं म्हणतीस दिलं म्हणून? डाक्टर काय येडी हाय का?"

आता राहवेना. घशातून आवाज निघत नव्हता तरी ओरडलो, "तिला बोलू नको बे! आत ये."

दोघं आत आले. मी सांगितलं. कुत्र्याचं सांगितलं, लोखंडाचं सांगितलं. भागवत बघतच राहिला. त्याला हसू आलं का रडू ते त्यालाच कळलं नाही. "पाण्याच्या बाटल्या," एवढंच म्हणला आणि खाली बसला.

मला वाटलं मनीषाला बरं वाटेल. तिच्या अंगावरचा आळ गेला ना. तिनं विचारलं, "काल मॅडम मला बोलत व्हत्या तवा तुमी जागे व्हते का?"

"व्हतो."

"आन गप बसले."

तिनं पाण्याचं भांडं उचललं आणि बाहेर गेली. त्यानंतर माझं सगळं करायची, पण कामापुरतं बोलायची. "पाय वर घ्या. तोंड उघडा." एवढंच.

डॉक्टरीणबाईंना भागवतनं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "बाबा, पाच किलोनं औषध तसं थोडंच जादा गेलं. तेवढ्यानंच हे झालं असं मी म्हणणार नाही. पण तुमचं अंग इतकं उतरलंय हे मला कळलं असतं, तर त्या दिवशी मी औषध चढवलंच नसतं. आधी तुम्हाला खाऊ-पिऊ घालून उभं केलं असतं. तुम्ही औषध नाही चोरलंत, मला लागणारी खबर चोरलीत." मग त्या मनीषाला शोधत बाहेर गेल्या. तिला काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

कमी माप

पेशी वर आल्या, घरी सोडलं. काही दिवसांनी पुढच्या बारीला बोलावलं. काट्यावर त्रेपन्न. रक्त बरं होतं. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजपासून डोस कमी. सलाईनही कमी आणि गोळ्याही."

ज्याची भीती होती तेच. मी म्हणलं, "देयचं तर पुरं द्या. न्हाईतर सोडा."

"बाबा, कमी डोस म्हणजे आम्ही हात टेकले असं नाही."

"धर्मापुरीच्या वैजनाथरावांचं काय झालं?"

त्यांनी हातातलं पेन कागदावर ठेवलं. "त्यांचं मी तुम्हाला सांगणार नाही, ते त्यांचं. तुमचं सांगते. वजनावरून काढतो तो पहिला अंदाज. खरं माप तुमचं अंग सांगतं. मागच्या औषधानं तोंड किती आलं, पेशी किती पडल्या, किती दिवसांत वर आल्या. ते बघून मी मात्रा उतरवते, म्हणजे पुढच्या सगळ्या बाऱ्या तुम्हाला घेता येतील. पुरा डोस देऊन तुम्ही मध्येच आडवे झालात, तर त्या पुऱ्याचं मी काय करू?"

पटलं का? अर्धं पटलं. बाजारात कमी माप म्हणजे फसवणूक, हे एवढी वर्षं अंगात मुरलेलं. मी उठलो आणि बाहेर आलो. व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. परत गेलो. मनीषा पिशवी घेऊन बाकड्यावर बसली होती.

"काय झालं?"

"कमी देतेत."

"मग?"

"मग काय. चला घरी."

"चला," ती म्हणली आणि खरंच पिशवी उचलून उभी राहिली. मला वाटलं होतं विनवण्या करील. ती म्हणली, "ह्यास्नी फोन लावती, गाडी आणा म्हणून. पण आबा, एक सांगती. तुमी म्हणले जेवलो, मी जेवले धरलं. तुमी म्हणले टाके वढतेत, आमी टाके धरले. आता मला तुमच्या तोंडचं काय खरं धरावं कळंना. औषध घेयाचं तर घ्या. न्हाई घेयाचं तर न्हाई म्हणा, मी सैपाकाला न्हाई म्हणणार न्हाई, तुमाला मरस्तोवर करून घालीन. पण मधलं काय करू नका. घेतल्यासारखं करायचं, खाल्ल्यासारखं करायचं. ते मला सोसत न्हाई आता."

मला राग आला. सुनेनं चार लोकांत असं बोलावं? म्हणलं, "लई शानी झालीस." ती रडली नाही. पिशवीचे बंद धरून फोन हातात घेऊन उभी राहिली. माझ्या शब्दाची वाट बघत. फोन लावत नव्हती आणि ठेवतही नव्हती.

मी अजून दोन चकरा मारल्या. मग आत गेलो, खुर्चीत बसलो आणि बाही वर केली. आशा सिस्टरला म्हणलं, "घाल. काय असंल ते घाल." दोघी आल्या, वाचलं, नाव विचारलं. मी नाव सांगितलं. आकडाही ऐकला. मागच्यापेक्षा कमी होता. त्या दोन तासांत मी एकदाही खुर्चीतून उठलो नाही, पण आतून शंभरदा उठलो.

वैजनाथरावांचं काय झालं ते मला अजून ठाऊक नाही. मी विचारणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी

केमोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कधी काही खाल्लेलं नव्हतं. मनीषानं कण्यांची पातळ पेज केली होती. वाटी माझ्या पुढ्यात ठेवली आणि सवयीनं बाहेर जायला निघाली.

"थांब," म्हणलं. "इथंच बस."

ती उंबऱ्यापाशी बसली. मी वाटी उचलली. पत्र्याची चव तीच. घोट घेतला, गिळला, दुसरा घेतला. अर्धी वाटी गेली आणि मग आवरेना. मोरीपर्यंत कसाबसा पोचलो. सगळं बाहेर पडलं. भिंतीला हात लावून उभा राहिलो, कोमट पाण्यानं तोंड धुतलं. मनीषा धावत आली होती. मी तिला हातानं बाजूला केलं, परत येऊन जागेवर बसलो आणि वाटी तिच्या पुढं धरली.

"वाढ."